रेडिओहेड पहिल्यांदा ऐकताना: कुठून सुरुवात करायची आणि कान कुठे लावायचा

कुणीतरी रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचं 'क्रीप' ऐकवतं, गाणं आवडतं. त्याच उत्साहात 'किड ए' हा अल्बम लावावा, तर गिटारचा पत्ता नाही, शब्द कळत नाहीत आणि गायक यंत्राच्या पोटातून बोलल्यासारखा वाटतो. 'हे आपलं काम नाही' म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. काही जणांचं उलट होतं. 'फार उदास बँड आहे' एवढंच कानावर आलेलं असतं, म्हणून मन उदास असेल तेव्हाच ते ही गाणी लावतात आणि त्यांच्याही हाती अर्धंच लागतं.

हा लेख या दोघांसाठी आहे. रेडिओहेडची गाणी काळजाला का भिडतात, याचं उत्तर शब्दांत थोडंच सापडतं. गाणं काय राखून ठेवतं आणि ते केव्हा सोडतं, यात ते जास्त सापडतं. एखादा सूर अर्ध्या स्वराने उतरतो, ड्रम दोन मिनिटं येतच नाहीत, आवाज फुटायच्या बेतात येतो आणि सावरतो. हा बँड हातचं राखून वाजवतो. जिथे ते राखलेलं सुटतं तिथे पोटात कालवतं. ती जागा ओळखायला कान शिकला की 'क्रीप' आणि 'किड ए' एकाच माणसांनी केलेत हे पटायला लागतं.

ओळखीपुरतं सांगायचं तर, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या अ‍ॅबिंग्डन शाळेत १९८५ साली हे पाच जण एकत्र आले: गायक थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन ग्रीनवुड हे भाऊ, गिटारवादक एड ओब्रायन आणि फिलिप सेल्वे. पहिल्या अल्बमपासून हेच पाच जण आहेत. १९९३ ते २०१६ या काळात त्यांचे ९ स्टुडिओ अल्बम आले. 'ओके कॉम्प्युटर'पासून पुढच्या प्रत्येक अल्बमच्या निर्मितीत नायजेल गॉडरिच आहे. कोणी कधी वाजवायचं नाही, हे ठरवायला इतका जुना सहवास लागतो.

काय काय लागेल

- कान झाकणारे हेडफोन, शक्यतो वायरचे. या गाण्यांत कुजबुजीइतके हळू भाग पुष्कळ आहेत. गोंगाटात किंवा फोनच्या स्पीकरवर ते ऐकूच येत नाहीत, आणि ते निसटले की पुढचा मोठा भाग नुसता कर्कश वाटतो.
- मूळ अल्बममधली गाणी. कुणीतरी वेग कमी करून किंवा घुमारा घालून चढवलेल्या आवृत्त्या सुरुवातीला नकोत.
- अ‍ॅपमधले तीन बदल: शफल बंद, क्रॉसफेड बंद, इक्वलायझर सपाट. क्रॉसफेड म्हणजे एक गाणं दुसऱ्यात मिसळणं; तो चालू राहिला तर गाण्याचं शेवटचं विरणं पुढच्या गाण्यात बुडतं, आणि या बँडची बरीच गाणी शेवटच्या दहा सेकंदांत काहीतरी करून जातात.
- हार्मोनियम, कीबोर्ड किंवा फोनवरचं कीबोर्डचं अ‍ॅप. वाजवता येत नसलं तरी चालेल, पट्ट्या दाबता आल्या म्हणजे झालं.
- सलग ४५ ते ५५ मिनिटं. यात काटकसर करू नका.

आवाजाची पातळी कशी ठरवायची तेही सांगतो, कारण इथे हमखास चूक होते. आधी गाण्याचा सगळ्यात मोठा भाग लावा आणि तो कानाला सुखावेल इतका आवाज ठेवा. मग गाणं पहिल्यापासून सुरू करा आणि हळू भागात आवाज वाढवू नका. वाढवलात तर लहान-मोठ्यातलं अंतर पुसलं जातं, आणि अर्धी भावना त्या अंतरातच आहे.

१. क्रमाने ऐकू नका

पहिला अल्बम 'पाब्लो हनी' (१९९३) आधी, मग दुसरा, असं शिस्तीत जाणं वरकरणी बरोबर वाटतं. पण पहिल्या अल्बममध्ये बँड अजून स्वतःला शोधतोय. तो आधी ऐकून मत बनवलंत तर अन्याय होईल.

माझ्या मते वाट अशी असावी: आधी 'इन रेनबोज' (२००७), मग 'द बेंड्स' (१९९५), मग 'ओके कॉम्प्युटर' (१९९७), त्यानंतर 'किड ए' (२०००) आणि शेवटी 'अ मून शेप्ड पूल' (२०१६). 'इन रेनबोज' पहिला, कारण तो सगळ्यात उबदार आहे. सुमारे ४२ मिनिटांत गिटार, तालवाद्यं, व्हायोलिन, इलेक्ट्रॉनिक आवाज सगळं येतं आणि कुठलंच अंगावर येत नाही. हा अल्बम आला तेव्हा 'किंमत तुम्हीच ठरवा' या विक्रीच्या पद्धतीचीच इतकी चर्चा झाली की आजही त्याच्यावरच्या लेखांत संगीत मागे पडतं. तुम्ही ती चर्चा बाजूला ठेवा आणि तिसऱ्या क्रमांकाच्या 'न्यूड'पासून ऐका. त्यात कॉलिन ग्रीनवुडचं बेस गिटार मध्ये किती मोकळी जागा सोडतं तिकडे लक्ष द्या. पहिलं गाणं पाच मात्रांचं आहे. सुरेख आहे, पण पहिल्याच भेटीत बोटांवर मात्रा मोजत बसायची वेळ येऊ नये.

एका आठवड्यात एकच अल्बम. पाचही एका दमात ऐकले तर सगळं एकसारखं ऐकू यायला लागतं.

२. 'क्रीप' हार्मोनियमवर उघडून बघा

ही पायरी अजिबात गाळू नका. बाकी सगळ्याची किल्ली इथे आहे.

'क्रीप' (१९९२) या गाण्यात चारच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, आहेत आणि त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच क्रमाने फिरतात. कडवं असो की ध्रुवपद, कॉर्ड त्याच, प्रत्येकीला ८ मात्रा. तुमच्या सोयीचा षड्ज धरा आणि तीन-तीन पट्ट्या एकदम दाबा:

पहिली: सा, ग, प.
दुसरी: ग, कोमल ध, शुद्ध नि.
तिसरी: म, शुद्ध ध, तार सा.
चौथी: म, कोमल ध, तार सा.
मग पुन्हा पहिली.

दोन-तीन आवर्तनं झाली की फक्त एका सुरामागे जा. पहिल्या कॉर्डमध्ये पंचम आहे. दुसरीत तो कोमल धैवतावर चढतो, तिसरीत शुद्ध धैवतावर पोचतो, चौथीत पुन्हा कोमल होतो आणि घरी येताना पंचमावर टेकतो. प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल ध, प. दोन पावलं वर, दोन पावलं खाली. वर जाताना आशा वाटते. तिसरीवरून चौथीवर येताना बाकीचे दोन सूर जागचे हलत नाहीत, फक्त धैवत खाली येतो, आणि उजेड गेल्यासारखं होतं. गाण्यातला माणूस स्वतःला कमी लेखतो हे शब्द सांगतात, पण वर चढून पुन्हा खाली येण्याची ती हतबलता या एका सुरात आहे. म्हणून इंग्रजी न कळणाऱ्यालाही हे गाणं लागतं.

आता मूळ गाणं ऐका. कॉर्ड बदलत नाहीत, मग ध्रुवपद एवढं अंगावर का येतं? ध्रुवपदाच्या उंबरठ्यावर जॉनी ग्रीनवुडची गिटार दाबलेल्या तारांवर खर्रकन ओरखडे काढते. गाणं त्याला फार मवाळ वाटत होतं आणि त्याने ते बिघडवायलाच असं वाजवलं, असं बँडमधलेच सांगतात. बिघडवायला वाजवलेला तो आवाज आज गाण्याची ओळख आहे. तोपर्यंत दाबून धरलेली चीड तिथे पहिल्यांदा बाहेर पडते.

हीच युक्ती 'नो सरप्रायझेस'मध्ये (१९९७) शोधा. सुरुवातीची गिटारची धून बाळाच्या खेळण्यासारखी गोड आहे, सोबत ग्लोकनश्पील हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य किणकिणतं. पण धून वळते तिथे पुन्हा तोच कोमल धैवत येतो. त्या गोडव्याला तडा तिथेच जातो. हे गाणं थोडं जलद वाजवून ध्वनिमुद्रित केलं आणि मग टेपचा वेग उतरवून त्यावर यॉर्क गायला. वाद्यांना जी पेंगुळलेली, थकलेली छटा आहे ती त्यामुळे.

इथली ठरलेली चूक म्हणजे 'क्रीप' आवडलं म्हणून तसंच दुसरं गाणं शोधत राहणं. तसं दुसरं नाही. शोधायचा तो धैवत.

३. उशिरा येणाऱ्या गोष्टींची वाट बघायला शिका

घड्याळ समोर ठेवा आणि 'एक्झिट म्युझिक' लावा. नुसती अकूस्टिक गिटार आणि आवाज, इतका जवळ की श्वास ऐकू येतो. पळून जायचं ठरवलेल्या दोघांतला एक जण दुसऱ्याला उठवतोय असं गाणं आहे. १९९६ च्या 'रोमिओ + ज्युलिएट' चित्रपटाच्या शेवटी येण्यासाठी ते लिहिलं गेलं. इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या एका जुन्या वाड्यात 'ओके कॉम्प्युटर'चं बरंच ध्वनिमुद्रण झालं आणि या गाण्याचा आवाज तिथल्या दगडी जिन्यावर घेतला. आवाजामागचा घुमारा त्या जिन्याचा आहे.

पुढे मेलोट्रॉन या टेपवरचे आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डवरचा समूहस्वर हळूच आत येतो. ड्रम मात्र येत नाहीत. निम्मं गाणं सरतं तरी येत नाहीत. अडीच मिनिटांच्या पुढे ते येतात, मागोमाग फाटल्यासारख्या आवाजाचं बेस गिटार येतं आणि आतापर्यंत कुजबुजणारा आवाज वरच्या पट्टीत जातो. नंतर सगळं ओसरतं आणि शेवटची ओळ पुन्हा जवळजवळ एकट्याने म्हटली जाते.

ही पद्धत एकदा कळली की ती जागोजागी दिसते:

'पिरॅमिड साँग' (२००१) मध्ये पियानोच्या कॉर्ड अशा अंतराने पडतात की ताल हातीच लागत नाही. १६ मात्रांचं आवर्तन धरा आणि ते ३, ३, ४, ३, ३ असं पाडा. टाळी बसेल. सुमारे दोन मिनिटांनी फिलिप सेल्वेचे ड्रम येतात आणि इतका वेळ अधांतरी असलेल्या कॉर्डखाली एकदम जमीन येते. डोळ्यांत पाणी येतं ते बहुतेकांना तिथे.

'ऑल आय नीड' (२००७) शेवटच्या मिनिटापर्यंत दबा धरून बसतं आणि मग पियानो, झांजा आणि व्हायोलिनं सगळी एकदम सुटतात.

'लेट डाउन'मध्ये (१९९७) उलगडा आवाजात होतो. गाण्याच्या शेवटच्या भागात यॉर्कचाच दुसरा आवाज पहिल्यावर चढतो आणि दोघं वेगवेगळं गातात. पहिल्यांदा ऐकताना डाव्या-उजव्या कानात काय चाललंय ते बघा.

वाट बघणं जमत नसेल तर पुढे सरकवून थेट 'तो' भाग ऐकायचा मोह होतो. त्याचा उपयोग नाही. आधीची अडीच मिनिटं ऐकली नाहीत तर त्या भागात नुसता मोठा आवाज उरतो.

४. शब्द दुसऱ्या फेरीत

गाण्याचे शब्द समोर उघडून पहिल्यांदा ऐकायला बसू नका. यॉर्क व्यंजनं विरघळवून स्वर लांबवतो. बऱ्याच ओळी तुटक आहेत, जाहिरातींतल्या किंवा सूचनांच्या भाषेतून उचलल्यासारख्या. डोळे ओळीवर असले की मेंदू अर्थ लावत बसतो आणि आवाजाकडे दुर्लक्ष होतं.

पहिल्या फेरीत एवढंच टिपा: आवाज छातीतून येतोय की फॉल्सेटोमध्ये, म्हणजे त्या पातळ, वरच्या, हवा मिसळलेल्या स्वरात? कुठे तो एकातून दुसऱ्यात घसरतो? 'फेक प्लास्टिक ट्रीज' (१९९५) यासाठी उत्तम. सुरुवातीला अगदी साधं, जवळजवळ बोलल्यासारखं गाणं आहे, आणि मधल्या टप्प्यावर आवाज उचलला जातो तेव्हा गिटारही सोबत फुटतात. शेवटी पुन्हा तो एकटा राहतो. लंडनमध्ये जेफ बकली या अमेरिकन गायकाचा कार्यक्रम ऐकून आल्यावर यॉर्कने हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि नंतर त्याला रडू कोसळलं, हे बँडने सांगितलेलं आहे. बकलीचा फॉल्सेटो ऐकला असेल तर धागा लगेच जुळेल.

दुसऱ्या फेरीत शब्द वाचा. 'याचा अर्थ काय' या प्रश्नापेक्षा 'हे कोण कोणाला म्हणतंय' हा प्रश्न जास्त कामाला येतो.

५. 'किड ए' असा ऐका

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात, म्हणून थोडं सविस्तर.

'ओके कॉम्प्युटर'नंतरच्या लांबलचक दौऱ्यांनी यॉर्क थकून गेला होता. गिटारवरचं गाणं आणि स्वतःचा आवाज, दोन्ही त्याला नकोसे झाले होते. म्हणून 'किड ए'मध्ये आवाज कापला, ताणला, यंत्रातून काढला गेला. शीर्षकगीतात तर यॉर्कचं बोलणं व्होकोडर या आवाज यांत्रिक करणाऱ्या उपकरणातून जातं आणि त्याची चाल जॉनी ग्रीनवुड दुसऱ्या वाद्यावर ठरवतो. थंडपणा तिथे मुद्दाम आणलेला आहे. माणूस आत आहे, पण पोचू शकत नाही, ही ती भावना. ती ओळखली की अल्बम थंड राहत नाही.

ऐकायचा क्रम असा ठेवा. आधी चौथं गाणं, 'हाउ टू डिसअपीअर कम्प्लीटली'. यात गिटार आहे, आवाज न कापलेला आहे, त्यामुळे पाय ठेवायला जागा मिळते. 'मी इथे नाहीच, हे घडतच नाही' असं स्वतःला सांगत राहा, हा सल्ला आर.ई.एम. बँडच्या मायकल स्टाइपने यॉर्कला दौऱ्यातल्या ताणावर दिला होता आणि गाणं त्याच्यावर उभं आहे. डॉर्चेस्टर अ‍ॅबे या चर्चमध्ये ऑर्केस्ट्रा ऑफ सेंट जॉन्सने वाजवलेली व्हायोलिनं मागे आहेत. शेवटाकडे ती सगळी एकमेकांत विरघळून बेसूर होतात, क्षणभर गाणं हातातून सुटतं आणि मग पुन्हा सुरात येतं. तो क्षण चुकवू नका.

याच गाण्यात एक रडवेला, सरकत जाणारा आवाज आहे. ते ओंद मार्तनो, १९२८ साली लोकांपुढे आलेलं फ्रेंच विद्युतवाद्य. वादक उजव्या हाताच्या बोटात तारेला जोडलेली अंगठी घालून ती सरकवतो आणि डाव्या हाताने एका कळीवर दाब देत आवाज लहान-मोठा करतो. म्हणजे मींड आणि दमसास दोन्ही हातात. सिंथसायझरचे आवाज कोरडे वाटणाऱ्यांनी हे वाद्य आधी कानात भरून घ्यावं.

मग आठवं, 'इडिओटेक'. मग पहिलं, 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस': १० मात्रांचं आवर्तन आणि यॉर्कच्या आवाजाचे तुकडे. त्यानंतर दुसऱ्या दिवशी पूर्ण अल्बम पहिल्यापासून. शेवटच्या गाण्यानंतर शांतता आणि थोडंसं लपवलेलं संगीत आहे, तेव्हा गाणं संपलं असं वाटून बंद करू नका.

दोन वेळा ऐकूनही काही हलत नसेल तर सोडून द्या आणि दोन-तीन महिन्यांनी परत या. जबरदस्तीने ऐकून हा अल्बम कुणालाही आवडलेला नाही.

६. एकच गाणं, दोन वयं

'ट्रू लव्ह वेट्स' हे गाणं यॉर्क १९९५ पासून मंचावर गात होता. २००१ च्या थेट ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात ते आलं: एक अकूस्टिक गिटार, जोरात झंकारलेली, आणि तरुण, आर्जवी आवाज. स्टुडिओत मात्र ते मनासारखं होईना. अखेर ते २०१६ मध्ये 'अ मून शेप्ड पूल'वर आलं, आणि गिटार गेली होती. उरले पियानोचे मोजके सूर, वेगवेगळ्या लयींत एकमेकांवरून जाणारे, कुठेच नीट न जुळणारे. चाल तीच, शब्द तेच, 'जाऊ नकोस' ही विनवणी तीच.

दोन्ही लागोपाठ ऐका, आधी २००१ चं. पहिल्यात विनवणी ऐकणारं माणूस खोलीत आहे असं वाटतं. दुसऱ्यात ते निघून गेलंय. एकही शब्द न बदलता हे कसं झालं ते सुटं करून बघा: लय किती उतरली, आवाजातला जोर कुठे गेला, गिटारने दिलेला ठेका काढून घेतल्यावर गायकाला टेकायला काय उरलं. पियानोचे थर शेवटाकडे वाढतात आणि आवाजाला घेरतात, तिकडेही लक्ष ठेवा. या बँडच्या संगीतात भावना कशी घडते, याचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही.

(त्या अल्बममधली गाणी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली आहेत. हे गाणं शेवटी आलं ते अक्षरामुळे. तरी त्याच्यानंतर काही ऐकवत नाही.)

७. मन बरं नसताना

या गाण्यांचा आधार वाटतो हे खरं आहे, आणि त्याचं कारण ती 'सगळं ठीक होईल' असं खोटं सांगत नाहीत. पण मन फार खचलेलं असेल तेव्हा एकच गाणं रात्रभर फिरवत बसू नका. 'एक्झिट म्युझिक' किंवा 'हाउ टू डिसअपीअर कम्प्लीटली' एकदा ऐका आणि मग 'रेकनर' किंवा 'वीअर्ड फिशेस' लावा. दोन्ही 'इन रेनबोज'वर आहेत, दोन्हींत लय अखंड वाहती आहे आणि ऐकणाऱ्याला ती पुढे नेते. ऐकून रोज जडच वाटत असेल तर काही दिवस बंद ठेवा, आणि जवळच्या माणसाशी बोला.

८. पुढे काय

पाच अल्बम झाले की 'इन रेनबोज'चं 'फ्रॉम द बेसमेंट' हे २००८ चं चित्रीकरण बघा. प्रेक्षक नाहीत, पाच जण एका खोलीत वाजवतायत. कोण कधी हात आवरतो हे इथे डोळ्यांनी दिसतं. एड ओब्रायनकडे खास बघा, कारण ध्वनिमुद्रणात त्याचं काम पार्श्वभूमीत मिसळून गेलेलं असतं.

मग 'अ‍ॅम्नेझिअ‍ॅक' (२००१), त्यामागून 'हेल टू द थीफ' (२००३). दुसरा जरा लांब आहे, दोन बैठकांत ऐकलात तरी चालेल. 'पाब्लो हनी' आता ऐका, राग येणार नाही. 'द किंग ऑफ लिंब्स' (२०११) सगळ्यात शेवटी ठेवा. ८ गाणी आहेत, सुरुवातीची तालाच्या गुंतागुंतीत अडकवतात, म्हणून सहावं 'कोडेक्स' आणि सातवं 'गिव्ह अप द घोस्ट' आधी ऐकून मग पहिल्यावर या.